हरणाच्या आधी पारधी

दुर्बीण घेतली ती जुनीच. कायमचे परदेशी निघालेले एक गृहस्थ घर रिकामं करत होते, त्यांनी विकायला काढली होती. पाच इंची आरसा, ६५० मिलिमीटर नाभीय अंतर, नळीला एकाच बाजूने धरणारा मोटारीचा हात, खाली तिपाई आणि वायरने लोंबणारा एक रिमोट. रिमोटकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्याच्यात हजारो गोष्टी भरलेल्या आहेत. नाव निवडायचं, एंटर दाबायचं, बाकी सगळं तो बघतो." ते म्हणाले ते खरंच होतं. फक्त ते सगळं अलाइन झाल्यानंतरचं होतं, आणि 'अलाइन' हा शब्द त्यांनी लिफ्टचं दार लागता लागता उच्चारला.

पहिल्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर मी कसलीतरी झटपट पद्धत निवडून पुढे सरकलो, गुरू निवडला आणि एंटर दाबलं. मोटार घरघरली. नळीने मोठ्या रुबाबात मान वळवली आणि समोरच्या विंगमध्ये वाळत घातलेल्या एका चादरीवर जाऊन ती थांबली. 'गुरू' असं रिमोटवर आलेलं, आणि समोर फुलाफुलांची चादर. मी घाईघाईने झाकण लावलं. 'हे रात्री गच्चीवर काय करतात' अशी कुजबुज सोसायटीत आधीपासूनच होती.

त्याचं काही चुकलं नव्हतं. यंत्राच्या पोटात आकाशाचा पक्का हिशेब आहे. गुरू या घटकेला कुठे असणार हे ते गणिताने काढतं. त्याला ठाऊक नसतं ते एवढंच, की आपण स्वतः कुठे उभे आहोत, किती वाजलेत आणि आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे. रात्रीच्या एसटीत गाढ झोपलेला माणूस घंटीने दचकून उठतो आणि शेजारच्याला विचारतो, "कुठलं स्टँड आलं?" तशी ही दुर्बीण. जागा एकदा सांगितली की लक्षात ठेवते, पण वेळ आणि दिशा दर रात्री नव्याने विचारते. शेजारचा माणूस म्हणून उत्तर द्यायला मीच. ही उत्तरं देणं म्हणजेच अलाइन करणं.

जागा सांगण्यातच पहिली फजिती झाली. फोनवर पुण्याचा अक्षांश दिसत होता १८.५२. मी रिमोटवर १८ दाबले, मग ५२ दाबले. त्याने मुकाट्याने घेतले. रेखांश ७३.८५. तर ७३ दाबले, ८५ दाबले. इथे मात्र तो अडून बसला. पुन्हा दाबले, पुन्हा अडला. चार वेळा झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला: त्याला दशांश नको होते, कला हव्या होत्या. अंशाच्या कला साठच. ८५ येतील कुठून? म्हणजे रेखांश ७३ अंश ५१ कला, आणि अक्षांश १८ अंश ३१ कला. मघाशी त्याने बिनतक्रार घेतलेले १८ अंश ५२ कला म्हणजे पार राजगुरुनगर. अंश, कला, विकला हे शब्द लहानपणी आजोबांच्या पंचांगात पाहिलेले होते. परीक्षेला नाहीत म्हणून सोडून दिले होते.

यंत्राचा स्वभाव तेव्हाच ओळखायला हवा होता. अशक्य ते खोटं ते पकडतं. शक्य कोटीतलं खोटं निमूट खरं मानून कामाला लागतं. पण तेव्हा मी कला जमल्याच्या आनंदात होतो.

वेळेबद्दल मात्र थोडं विषयांतर करतो. रिमोटला घड्याळाची वेळही हवी असते आणि रेखांशही, कारण नुसत्या घड्याळावरून आकाश कळत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची, मिर्झापूरच्या बाजूची. पुण्याच्या माथ्यावर सूर्य त्यानंतर साधारण ३५ मिनिटांनी येतो. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने तिच्याहून ३९ मिनिटं मागे चालणारी आपली जुनी वेळ सोडायला साफ नकार दिला, आणि ती 'बॉम्बे टाइम' पुढे १९५५ पर्यंत रेंगाळली. पूर्वी हे वाचून हसलो होतो. दुर्बिणीशी संसार सुरू झाल्यापासून वाटतं, आकाशाच्या बाजूने पाहिलं तर मुंबईकरांचंच बरोबर होतं.

वेळ, तारीख, जागा झाली की मग तारे. माझ्या रिमोटची आवडती पद्धत तीन ताऱ्यांची. आकाशात लांब लांब असलेले कुठलेही तीन ठळक तारे घ्यायचे, एकेक करून नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मधोमध आणायचे आणि बटण दाबायचं. नावं सांगायची गरजच नाही. ह्या ताऱ्यापासून त्या ताऱ्यापर्यंत जाताना मोटारी किती फिरल्या हे ते मोजतं, आणि एवढ्या एवढ्या अंतरावरचे तीन तारे ह्या वेळी ह्या जागेवरून कुठले दिसतील, हे आपल्या यादीशी ताडून बघतं. जुळलं तर जुळलं. नाही जुळलं तर पहिल्यापासून.

दुसरी पद्धत दोन ताऱ्यांची, तिथे नावं लागतात. आणि नावं अरबी. मला आकाश जेवढं येत होतं तेवढं मराठीत येत होतं, त्यामुळे सुरुवातीला एका वहीत कोष्टक केलं. वेगा म्हणजे अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, रेग्युलस म्हणजे मघा. (कॅपेला आणि रेग्युलस अरबी नाहीत, लॅटिन आहेत. वहीत मात्र सगळे एकाच रकान्यात.) ते करताना गंमत सापडली. दक्षिणेच्या त्या एकट्या ताऱ्याला रिमोट फोमलहॉट म्हणतो. ते मूळ अरबी, अर्थ माशाचं तोंड. आपण त्याला म्हणतो मीनास्य. म्हणजे तेच. रोहिणीचं आल्डेबरान, म्हणजे मागून येणारा; कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो म्हणून. कोण कुणाच्या मागून येतं, यावर आकाश लक्षात ठेवायची रीत तिकडेही होतीच.

तारा मध्यावर आणण्यातही एक मेख आहे. शेवटचं सरकवणं नेहमी 'वर' आणि 'उजवीकडे' ह्याच बाणांनी करायचं. का, ते मला कुणी समजावलं नव्हतं; आमच्या स्कूटरच्या मेकॅनिकने समजावलं, तेही दुर्बीण न बघता. मी म्हटलं, बटण दाबलं तरी क्षणभर काही हलतच नाही, आणि मग एकदम हलतं. तो म्हणाला, "गिअरमध्ये प्ले असणार." दातांमध्ये थोडी फट असते, दिशा बदलली की ती फट भरेपर्यंत मोटार नुसतीच फिरते. दर वेळी एकाच बाजूने आलं की दात एकाच अंगाला टेकलेले राहतात आणि मोजमाप बिघडत नाही. तिपाईचंही तसंच. ती समपातळीत असावी म्हणून तिच्यावर इवलासा बुडबुडा दिलेला आहे, पण माझा त्याच्यावर भरवसा नाही. मी गवंडीकामाची पाणसळ विकत आणली. हार्डवेअरच्या दुकानदाराने विचारलं, बांधकाम काढलंय का. मी हो म्हणालो. खरं सांगायला अर्धा तास गेला असता.

हाताने दुर्बीण फिरवून तारे शोधणारी एक जात आहे. आमच्या गटातही आहेत. आठ इंची साधी नळी, लाकडी बैठक, मोटार नाही, वायर नाही. ह्या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर उड्या मारत देवयानीतली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, दोन मिनिटांत काढून दाखवतात, आणि माझ्या रिमोटकडे इन्स्टंट उपमा बघावा तसे बघतात. पूर्वी मला अपराधी वाटायचं. आता नाही. त्यांची विद्या मोठी आहे यात वाद नाही, पण उडी मारायला आधी पायरी दिसावी लागते. पुण्याच्या आकाशात मधल्या सगळ्या पायऱ्या दिव्यांच्या उजेडात पुसल्या गेल्यात. दहा-बारा तारे दिसतात, त्यातलं एखादं विमान निघतं. अशा ठिकाणी यंत्राला मुख्य मुख्य तीन तारे दाखवून 'पुढचं तू बघ' म्हणण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तर आता ती शनिवारची रात्र. ४ डिसेंबर २०२१.

मित्राचं शेत नारायणगावाजवळ आहे. दोन-तीन दिवसांपूर्वीच अवकाळी पाऊस झोडपून गेला होता, द्राक्षवाले हवालदिल होते, आणि माझ्यासारखा शहरातला माणूस त्या पावसाने हवा कशी धुतली गेलीय याचं कौतुक मनातच ठेवून गप्प होता. दुर्बीण खळ्यात मांडायचं ठरलं होतं, पण मित्राची आई, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो, त्या म्हणाल्या, "खळ्यात नाय. उसात बिबट्या हाय. गच्चीवर काय ते करा." जुन्नरच्या भागात ह्या वाक्यावर चर्चा होत नाही. गच्चीवर गेलो. स्लॅबवर एकच अडचण: कुणी चाललं की तारा थरथरतो. म्हणून एक जण बघताना बाकीच्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं.

दुपारीच शोधक जुळवून घेतला होता. शोधक म्हणजे नळीच्या पाठीवरचा लाल ठिपका. त्यातून बघून दुर्बीण अंदाजे रोखायची, मग नेत्रिकेतून नेमकी. दोन्हीचं तोंड एकीकडे आहे ना, हे दिवसाउजेडी लांबच्या एखाद्या स्थिर वस्तूवर ताडून घ्यावं लागतं. (सूर्याच्या आसपासही नाही, हे पोरांना तीनदा बजावलं.) गच्चीवरून खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीची एक तबकडी दिसत होती. अशा ३० तबकड्या त्या भागात पसरल्यात, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तिच्या मधोमध वर जाणाऱ्या पायांच्या टोकावर मी माझा ठिपका बसवला. पाच इंचाने पंचेचाळीस मीटरकडे बघितलं. तिने काही दखल घेतली नाही.

अंधार पडला तशी बॅटरी जोडली. पेन्सिल सेल लावले तर दुर्बीण जोरात वळताना दम टाकते आणि सगळं विसरून पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागते, म्हणून मी यूपीएसची बारा व्होल्टची बॅटरी वापरतो. रिमोट मित्राच्या नववीतल्या पुतण्याच्या हातात दिला. नवी जागा मी मोठ्या ऐटीत सांगितली, १९ अंश ७ कला, कला म्हणजे काय हेही सांगितलं. वेळ सांगितली. तो म्हणाला, "तारीख?"

"चार, बारा, एकवीस."

त्याने सांगितलं तसं दाबलं. रिमोटने घेतलं.

मग तीन तारे दाखवले. जुळत नाही म्हणाला. पुन्हा दाखवले. नाही. मी पाणसळ लावून बघितली, शोधक बघितला, वायर काढून घातली. सगळी फौज कानटोप्या घालून उभी, पश्चिमेला शुक्र खाली चाललेला, त्याच्या वर शनी, त्याच्याही वर गुरू, नुसत्या डोळ्यांना तिघे एका ओळीत स्वच्छ दिसतायत, आणि आमचं लाखमोलाचं यंत्र 'नाही' म्हणतंय. तिसऱ्यांदा नकार आल्यावर पद्धत बदलली. दोन ताऱ्यांची घेतली. आता आत्ता वर असलेल्या ताऱ्यांची यादी तोच देतो. मी म्हटलं, श्रवण काढ, अल्टेअर. पोरगा खालीवर करत राहिला. "अल्टेअर नाहीये काका. सिरियस आहे. प्रोसियॉन आहे. रेग्युलस आहे."

"सिरियस म्हणजे व्याध," मी म्हटलं. "चला, व्याध तर व्याध." आणि मान वर करून आकाशात व्याध शोधू लागलो.

तेवढ्यात मावशी चहाचा तांब्या घेऊन वर आल्या होत्या. "काय सोधताय?"

"व्याध. यंत्र म्हणतंय व्याध वर आलाय."

त्यांनी पूर्वेकडे, उसाच्या रेघेवर एकदा पाहिलं. तांब्या खाली ठेवला.

"आरं, तिकांडंच धड वर आलं नाय आजून. हरणाच्या आधी पारधी येतो व्हय?"

गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. मृग पळतोय, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलाय, तेच तिकांडं. आणि तो बाण मारणारा व्याध मागून येतोय. आकाशात हा क्रम मोडत नाही. तिकांडं उगवतं, मग दीड-एक तासाने व्याध. डिसेंबरच्या सुरुवातीला पावणेआठला तिकांडं नुकतंच झाडांमागे कुठेतरी असणार, म्हणजे व्याध अजून जमिनीखाली. मावशींना हे काढायला अक्षांश लागला नाही.

मी रिमोट हातात घेऊन यादी पुन्हा वाचली. व्याध, प्रश्वा, मघा, अगस्ती. हे तारे संध्याकाळी एकत्र दिसतात खरे, पण कधी? उन्हाळ्याच्या तोंडाला. आणि मग पोटात गोळा आला. तारखेचा रकाना उघडला. अमेरिकी रिवाजाने त्यात आधी महिना असतो, मग दिवस. चार, बारा, एकवीस म्हणजे १२ एप्रिल २०२१. त्या वर्षी गुढीपाडवा १३ एप्रिलला होता. आम्ही कार्तिकाच्या थंडीत कुडकुडत होतो, आणि यंत्राच्या हिशेबाने उद्या सकाळी गुढी उभारायची होती.

तेरा तारीख असती तर तेरावा महिना नाही म्हणून ते अडलं असतं, ८५ कलांना अडलं होतं तसं. चार आणि बारा दोन्ही शक्य. गिळलं. पोराचा काही दोष नव्हता, मी जे बोललो ते त्याने दाबलं.

तारीख फिरवली. श्रवण पश्चिमेला, मीनास्य दक्षिणेला, रोहिणी पूर्वेला. वर आणि उजवीकडे, वर आणि उजवीकडे. तिसऱ्या ताऱ्यावर बटण दाबून सगळे श्वास रोखून उभे राहिलो. जुळलं. पोरांनी असा काही आरडाओरडा केला की खाली कुत्री भुंकायला लागली.

पहिला मान अर्थातच शनीचा. मावशींना बोलावलं तर त्या जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या. त्या दिवशी अमावास्या होती, वार शनिवार. दुपारी सूर्यग्रहणही होऊन गेलं होतं, पण ते अंटार्क्टिकाच्या बाजूला, आपल्याकडे नाही. "आज शनिअवस," त्या म्हणाल्या, "आन त्यालाच डोळा लावायचा?" मित्र म्हणाला, "आई, तो एवढ्या लांबून काय करतोय?" यावर त्यांनी त्याच्याकडे जसं पाहिलं, त्याचं वर्णन मी करत नाही. पण आल्या.

त्या आल्या त्या त्यांच्या चालीने. चपला काढल्या. पदर आवरला. चष्मा काढायचा की ठेवायचा हे विचारलं, काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला. हे सगळं व्हायला चार-पाच मिनिटं सहज गेली असतील. ७२ पट मोठं दाखवणाऱ्या त्या नेत्रिकेतून साध्या दुर्बिणीत शनी तीन मिनिटंही थांबत नाही. पृथ्वी फिरत असते, ग्रह कडेला सरकून निघून जातो. मोटारी मात्र हळूहळू, ऐकूही येणार नाही इतक्या हळू, त्याच्या मागे फिरत राहिल्या. चादर, कला, पाणसळ, पाडवा, सगळा खटाटोप ह्या चार-पाच मिनिटांसाठी होता असं मला तेव्हा वाटलं. मावशी वाकल्या तेव्हा तो मधोमध होता.

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग डोळा तसाच नेत्रिकेला ठेवून त्यांनी उजवा हात लांबवला आणि नळीच्या तोंडापुढे धरला. काढला. पुन्हा धरला. पुन्हा काढला.

"काय झालं, मावशी?"

"काय नाय. चित्र चिकटवलंय का बगत व्हते." हात आडवा आला की शनी जात होता, हात काढला की येत होता. "खरंच हाय." मग थोड्या वेळाने, "कानातल्या बाळीवानी दिसतोय की. ह्याला उगं भ्यायचं."

त्यानंतर गुरू झाला, त्याचे चंद्र झाले, डोक्यावरची देवयानीची दीर्घिका झाली. ती बघून पोरं निराश झाली. फोटोत रंगीत भोवरा असतो आणि इथे फुंकर मारल्यासारखा धुरकट डाग. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे म्हटलं, तर एकाने विचारलं, मग आत्ताचा कधी येणार. साडेनवाच्या सुमारास पुतण्या चहाचे कप गोळा करायला अंधारात निघाला आणि बॅटरीच्या वायरमध्ये त्याचा पाय अडकला. तिपाई कललेली मी धरली, नळी वाचली, पण वायर उपटली गेली. रिमोट काळा पडला.

"गेलं," मी म्हटलं. "अलाइनमेंट गेली. पुन्हा पहिल्यापासून."

मावशी अर्धा जिना उतरल्या होत्या. तिथूनच त्यांनी पूर्वेकडे मान वळवली. तिकांडं उसाच्या चांगलं वर आलं होतं, आणि त्याच्या खाली, क्षितिजाच्या धुरकट पट्ट्यातून, कधी लाल कधी निळा लुकलुकत, तो.

"मग लावा की परत," त्या म्हणाल्या. "आता पारधी पन आला."